बिरशातली इंग्रजीची शिकवणी

आपल्याकडे बालाघाट म्हटले की बीड-धाराशिवकडून बिदरच्या बाजूला उतरत गेलेली डोंगररांग आठवते. बिरसा म्हटले की बिरसा मुंडा आठवतात, आणि ते झारखंडचे. त्यामुळे ‘बालाघाटच्या बिरशाला जाऊन आलो’ असे मी सांगितले तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोघांनी दोन वेगळ्या दिशांना हात दाखवले. हा बालाघाट तिसराच. मध्य प्रदेशचा दक्षिणेकडचा जिल्हा. त्याला लागून खाली आपला गोंदिया, पूर्वेला छत्तीसगड. बिरसा हे त्या जिल्ह्याच्या पठारावरचे तहसिलीचे गाव. बैहरच्या पुढे, कान्हाच्या जंगलापासून फार लांब नाही.

मी काही वाघ बघायला गेलो नव्हतो. निपाणीच्या आमच्या आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन तिकडे गेली आहे. जावई हुक्केरी भागातला. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. भाडे परवडते म्हणून दोघे बिरशात राहतात. भाची इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. ‘घरात बसून काय करू, शिकवण्या घेते’ असे तिने फोनवर सांगितले, आणि नंतर सहा महिने शिकवणीचा विषय निघाला की ती दुसरेच बोलू लागली. आईला तेवढे पुरते. त्यात बालाघाट म्हटले की आक्काला फक्त नक्षलवादाच्या बातम्या माहीत. १९९९मध्ये लिखीराम कावरे या राज्याच्या मंत्र्यांची या जिल्ह्यात हत्या झाली, हे तिला कोणीतरी सांगून ठेवलेले. एप्रिलच्या सुट्टीच्या तोंडावर तिने मला बोलावले. हातात कुंद्याचा डबा दिला आणि म्हणाली, “जाऊन बघ. पोरीचं मन लागत नसेल तर सरळ घेऊन ये. तिकडं कोण शिकणार इंग्लिश?”

बेळगावहून मिरज आणि मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. ही कोल्हापूरहून निघणारी गाडी सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असे करत गोंदियाला थांबते. नावाला जागणारी गाडी आहे. एका तिकिटात जवळजवळ सगळा महाराष्ट्र दिसतो. आज दुपारी बसलेला माणूस उद्या संध्याकाळी उतरतो. डब्यातली मराठी मात्र दर दोन-तीनशे किलोमीटरला बदलत जाते. भुसावळनंतर ‘काय वो’ ऐकू येईना आणि नागपूरनंतर शेजारचे कुटुंब आपसात काय बोलते ते निम्मेच कळू लागले. ती पोवारी होती. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, गोंदिया, भंडारा, बालाघाट, शिवनी या पट्ट्यात पोवार समाज आहे आणि त्यांची ही बोली. कान देऊन ऐकले तर मराठी माणसाला ती हाताशी येता येता निसटते. आपल्याकडे चिकोडी-रायबागच्या बाजारात कन्नडमिश्रित मराठी ऐकणाऱ्या पुणेकराचे जे होत असेल, ते माझे झाले.

गोंदियाला रात्र काढून सकाळी बालाघाट. या मार्गावर एके काळी सातपुड्याची नॅरोगेज धावायची. आता मोठी लाइन आहे. बालाघाटहून बस भरवेलीवरून निघते. इथे मँगनीजची जुनी खाण आहे. गांगुलपाऱ्याचा घाट चढून उकव्यावरून ती बैहरला पोचते. घाट चढल्याबरोबर मुलूख बदलतो. खाली भाताची खाचरे, वर सालाची उभी झाडे. बालाघाट भाताचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मी गेलो तेव्हा शेते मोकळी होती आणि रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडांखाली बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या. मोहफुले वेचायचे दिवस होते ते. पठारावर गोंड आणि बैगा लोकांची वस्ती मोठी आहे. बोलण्यात हिंदी, गोंडी आणि मधेच छत्तीसगढीची झाक.

एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी तिकडेही रेघ ओढली गेली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि त्याची राजधानी झाली भोपाळ. आजही बालाघाटचा माणूस मोठ्या दवाखान्यासाठी गोंदिया-नागपूरचीच वाट धरतो. तिथल्या बसस्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी बेळगावचा म्हणून सांगितले, तर ते म्हणाले, “अच्छा, बॉर्डरवाले. हम भी.” पुढे त्यांना काही विचारावे लागले नाही, मलाही सांगावे लागले नाही. दोघांनी चहा घेतला.

बिरसा गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, त्यावर सरकारी कचेऱ्या, शाळा, किराणा, मोबाइलची आणि झेरॉक्सची दुकाने आणि आठवड्याचा बाजार. भाचीची खोली रस्त्यापासून जरा आत. दारावर पाटी: ‘इंग्लिश स्पीकिंग एवं ग्रामर, कक्षा ६ से १२’. पाटीचा रंग उन्हाने उडाला होता. “ही पाटी बघून एकही पोरगं आलेलं नाही, मामा,” तिने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले. आणि मग सहा महिने आईला न सांगितलेले सगळे सांगितले.

सुरुवात तिने निपाणीत बघितली होती तशीच केली. आपल्याकडे शिकवणी काढायची म्हणजे पाटी लावायची, पाचशे पत्रके छापायची आणि पेपर टाकणाऱ्या मुलाला पन्नास रुपये द्यायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुले येतात, कारण शेजारच्याचे मूल जाते म्हणून आपलेही गेलेच पाहिजे, असे आपल्याकडे आहे. बिरशात पत्रके छापून झाल्यावर तिला कळले की पेपर घेणारी घरेच मोजकी. उरलेल्या पत्रकांत चणेवाल्याने महिनाभर चणे दिले. “माझं नाव गावभर झालं, पण चण्याच्या पुड्यांवर,” असे ती हसत सांगते. तेव्हा हसली नसावी.

मग तिने आठवडाभर फुकट वर्ग ठेवला. अकरा मुले आली. आठव्या दिवशी फी सांगितली, महिना तीनशे रुपये, आणि नवव्या दिवशी ती एकटी खोलीत. हा अनुभव तिला फार लागला. फुकट वर्ग बघायला येणारा आणि शिकायला येणारा हे दोन वेगळे लोक असतात, हे आपण इथे बसून म्हणू शकतो. परमुलखात, ओळख ना पाळख, रिकाम्या चटया गुंडाळताना ते सुचत नाही.

इंग्रजी नको, असे नव्हते. ज्याला त्याला ‘अंग्रेजी आनी चाहिए’ हे मान्य होते. फक्त त्यासाठी पैसे आणि दोन तास द्यायची घाई कोणालाच नव्हती. याचे एक कारण परीक्षेत होते. मध्य प्रदेश बोर्डाने २०१७-१८च्या सुमारास दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव’ ही योजना आणली होती. सहापैकी पाच विषयांत पास झाले की मूल पास. सहावा विषय कोणता सोडायचा हे मुलांनी ठरवून टाकलेले असे: कोणी गणित, कोणी इंग्रजी. पुढे बोर्डाने ही योजना बंद करायचा निर्णय घेतला, पण सवय अशी एका परिपत्रकाने जात नाही. दादा इंग्रजी सोडून पास झाला होता, तर धाकट्याला त्यात पैसे घालायची काय गरज? आपल्याकडे मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषा ओढाव्या लागतात, त्यामुळे भाषेची शिकवणी ही आपल्याला किराण्यासारखी वाटते. तिथे किराण्यात तिची गणना नव्हती.

दुसरे कारण तरुण पोरांचे: “दीदी, यूट्यूब पर सब फ्री में है.” खोटे नाही. नेटवर्क असेल तेव्हा आहेच. माझ्या मुलाने तर तिला फोनवर सुचवले होते की बिरशात बसून बेळगावच्या मुलांना ऑनलाइन शिकव. तिने तेही करून पाहिले. पाऊस सुरू झाला की आवाज जायचा आणि वीज गेली की चेहरा.

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्या नवख्यांचीही हीच तऱ्हा असते. त्यांच्यासाठी केंब्रिजचा ‘सेल्टा’ नावाचा १२० तासांचा अभ्यासक्रम आहे आणि तो जगभर चालतो. वर्गात उभे कसे राहायचे, धडा कसा घ्यायचा हे त्यात पक्के करून घेतात. पण एखाद्या अनोळखी शहरात पहिला खासगी विद्यार्थी दारात आणायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. मग ते शहर स्पेनमधले असो की व्हिएतनाममधले. आमच्या भाचीकडे एम.ए.चे प्रमाणपत्र होते, फ्रेम करून लावलेले. ते तिला आजपर्यंत बिरशात कोणी विचारलेले नाही. लोक वेगळेच विचारत. किराया कितना देती हो? पति कब आते हैं? बच्चियाँ शाम को कितने बजे छूटेंगी? आधी तिला या चौकशांचा राग यायचा. पुढे कळले की हीच मुलाखत होती.

पहिली फी आली ती कन्नडमुळे. हे ऐकून मला जितके आश्चर्य वाटले तितकेच तुम्हाला वाटेल. मलाजखंडचा ताम्र प्रकल्प हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीचा. १९८२मध्ये तो सुरू झाला आणि देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून नावाजला. आता तिथे जमिनीखालून खाणकाम चालते. कॉलनी आहे, केंद्रीय विद्यालय आहे, आणि कॉलनीत देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे. भाची एकदा जावयाचा डबा घेऊन बसने गेली होती. बसथांब्यावर एक बाई लहान मुलाला दटावत होत्या, ते कन्नडमध्ये. रायचूरच्या हट्टी सोन्याच्या खाणीकडचे कुटुंब. हिने नुसते विचारले, “ऊट आयता री?” जेवण झाले का, एवढेच. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आले म्हणे. दीड वर्षात नवऱ्याशिवाय कोणाशी त्या कन्नड बोललेल्या नव्हत्या. पुढच्या सोमवारपासून त्यांचा सातवीतला मुलगा आणि त्याचा शेजारी, एक ओडिया मुलगा, असे दोघे तिच्याकडे सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस ती बसने कॉलनीत जाते. तिथली फी बिरशाच्या दुप्पट आहे, पण बसभाडे आणि वेळ वजा केला तर फार काही उरत नाही. निपाणीच्या शाळेत सक्तीची म्हणून कुरकुरत शिकलेली कन्नड असा हात देईल असे वाटले होते का, असे मी विचारले. ती म्हणाली, “मामा, कन्नडच्या बाई आता भेटल्या तर पाया पडीन.”

बिरशाची मुले मात्र कन्नडने येणार नव्हती. तिथे उपयोगी पडली ती तिची हिंदी, आणि तीही वाईट होती म्हणून. आपली सीमाभागातली हिंदी कशी असते हे मी काय सांगायला हवे! ‘मेरे को मालूम नै’, ‘उसने आया’ आणि सगळ्या वस्तू पुल्लिंगी. घरमालकिणीची आठवीतली मुलगी तिच्या हिंदीला खूप हसायची. भाचीने तिच्याशी सौदा केला: तू माझी एक हिंदी चूक दुरुस्त कर, मी तुझी एक इंग्रजी करते. पैसे नाहीत, कुणाचे कुणाला देणे नाही. भिंतीवर खडूने दोघींच्या चुकांचा हिशोब. पहिल्या आठवड्यात भाची एकतीस चुकांनी पुढे होती.

त्या मुलीने हे शाळेत सांगितले. एक मास्तरीण हिंदीत चुकते आणि आपण तिला दुरुस्त करायचे, हा खेळ बघायला मैत्रिणी आल्या. आल्या त्या टिकल्या. मला वाटते, सगळ्या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवतो. खेड्यातल्या मुलांच्या तोंडून इंग्रजी का निघत नाही, तर चुकले की हसतील म्हणून. व्याकरण त्यांना आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त येते. समोर उभा असलेला मोठा माणूसच परक्या भाषेत रोज चुकतो, लाजत नाही, दुरुस्त करून घेतो आणि पुढे बोलत राहतो, हे आमच्या वर्गात मुलांना कधीच दिसत नाही. आम्ही ज्या भाषेत पक्के, त्याच भाषेत उभे राहतो. तिला तसे करणे शक्यच नव्हते.

शिकवण्याची रीत तिची जुनीच आहे. आमच्या घरातली तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला तिने सोबत नेली आहे. तिच्या आजोबांची, पाने सुटलेली. वाक्य आधी घरच्या भाषेत, मग इंग्रजीत. फक्त मराठी वाक्यांच्या जागी ती तिथली वाक्ये घालते. मोह वेचायला पहाटे जातात, बस बैहरला थांबते, धान अजून विकले नाही. रॅपिडेक्सचे पुस्तक एका मुलाने आणले होते. त्यातला हॉटेलात जेवण मागवायचा संवाद तिने बाजूला ठेवला आणि किराणा दुकानात उधारी मागायचा संवाद लिहायला लावला. मी तो वर्ग बसून ऐकला. उधारी देणारा दुकानदार आणि मागणारी सून, दोघींनी इंग्रजीत असे भांडण केले की घरमालकीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सरकारी शाळेतल्या शिक्षकांची तिला आधी धास्ती होती. आपला धंदा बसवते म्हणून ते चिडतील असे वाटे. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे २८वे कलम शिक्षकांना खासगी शिकवणी घेऊ देत नाही. (आपल्याकडे हे कलम किती जणांना पाठ आहे, तो विषय वेगळा.) ती स्वतः शाळेत जाऊन इंग्रजीच्या शिक्षिकेला भेटली, कोणत्या धड्यात मुले अडतात ते विचारून घेतले. त्या बाईंनीच नंतर चार मुली पाठवल्या. जावयाला वेगळीच काळजी: परवाना लागेल का? केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असे आहे. पण त्या सूचनांत कोचिंग सेंटर म्हणजे पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांचे. मी त्याला म्हटले, पन्नास होऊ देत, मग बघू.

मुलींचा वर्ग चार ते साडेपाच. अंधार पडायच्या आत सगळ्या घरी. पहिले आठ दिवस एकीची आई दाराशी बसून राहायची, हातात निवडायला तांदूळ. भाचीने तिला आत बोलावले नाही आणि जा असेही म्हटले नाही. नवव्या दिवशी ती आली नाही, तिची धाकटी आली. बारावीच्या दोन मुलींना नर्सिंगला जायचे आहे, गोंदिया किंवा नागपूरला. तिथली पुस्तके इंग्रजीत, औषधांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत. त्यांना निबंध नको, त्यांना वाचता यायला हवे. २०११च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. इथले पुरुष मजुरीला नागपूर, हैदराबादकडे जातात आणि मागे घर चालवणाऱ्या बायकाच मुलींच्या फीचा निर्णय घेतात, हे भाचीला उशिरा कळले. पत्रके तिने बापांसाठी छापली होती.

एक दिवस आम्ही मुक्कीला गेलो. कान्हाचे बालाघाटच्या बाजूचे प्रवेशद्वार ते. कान्हा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. मागच्या पावसाळ्यात या तीन महिन्यांत रिकामे असलेले पाच तरुण भाचीकडे आले होते: दोन गाइड, तीन रिसॉर्टवर काम करणारे. त्यांना दहावी-बारावी नको होती. पाहुण्याला वाघ दिसला नाही तर इंग्रजीत काय बोलायचे, हे हवे होते. तिने त्यांना तेच शिकवले. त्यांच्यातला एक गाइड आम्हाला आत विसाव्याच्या जागी भेटला. समोर परदेशी जोडपे, आणि हा बारासिंग्याबद्दल सांगत होता. “सर, अदर प्लेस धिस डिअर लिव्ह इन स्वॅम्प. हिअर, हार्ड ग्राउंड. नाइन्टीन सेव्हन्टी, ओन्ली सिक्स्टी-सिक्स. नाऊ मेनी.” क्रियापदे जागेवर नव्हती, पण माहिती चोख. हा बारासिंगा कठीण जमिनीवर राहणारा, आणि १९७०मध्ये कान्हात तो खरोखरच ६६पर्यंत उतरला होता. परदेशी बाई वहीत लिहून घेत होत्या. मी मनातल्या मनात लाल शाई काढली होती, ती परत खिशात ठेवली. त्याने भाचीला बघितले आणि पाहुण्यांना म्हणाला, “माय टीचर.” हे वाक्य बिनचूक होते.

रात्री तिने मला वही दाखवली. मुलींचा वर्ग नऊ, सकाळचा मुलांचा पाच, कॉलनीतले दोन, पावसाळ्यात गाइड लोक. आकड्यांनी कोणी श्रीमंत होणार नाही. खोलीचे भाडे निघते आणि थोडे बँकेत पडते. वहीच्या मागच्या पानांवर मात्र येणे बाकी बरेच होते. ठेकेदाराचे काम संपले की जावयाची बदली कुठेही होऊ शकते, ही टांगती तलवार आहेच. मग पुन्हा नवे गाव, नवी पाटी. मी आक्काला फोन लावला आणि तिच्याच हातात दिला. मायलेकी अर्धा तास बोलल्या. निम्मे भांडणच होते. शेवटी आक्काने मला विचारले, “घेऊन येतोयस का नाही?” मी म्हटले, “जुलैत तिचा गाइडांचा वर्ग सुरू होतोय. तुझ्याकडं दसऱ्याला येईल, चार दिवस.” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, “कुंदा खाल्ला का तिनं?”

निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता. मोहफुलांचे ढीग, सुकट, बांबूच्या टोपल्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, मोबाइलची कव्हरे, सगळे एका ओळीत. भाची लसूण घेत होती. विकणारी बाई आतल्या गावची. तिने लसूण तोलता तोलता हिला नीट बघितले आणि विचारले, “आप ही अंग्रेजी पढ़ाती हो? कितना लेती हो?” अगदी बाजारातल्यासारखे. भाची म्हणाली, महिना तीनशे. बाईने विचार केला. तिची मुलगी सातवीत, चुलतीकडे बिरशातच राहते. “दो सौ.” भाची म्हणाली अडीचशे, आणि एकदम नको, जमेल तेव्हा. “तेंदूपत्ते के बाद,” बाई म्हणाली. मे महिन्यात पानांची तोड झाली, पैसे हातात आले की देईन. काहीजण असेच धान विकल्यावर देतात, डिसेंबर-जानेवारीत; येणे बाकीची मागची पाने त्यांचीच.

भाचीने पिशवीतून वही काढली, मुलीचे नाव विचारून घेतले आणि फीच्या रकान्यात लिहिले: ‘तेंदू’. बाईने लसणाचा एक गड्डा वर टाकला.